जीवशास्त्रातली बी.एस्सी.: खर्च, कर्ज आणि कमाई – खान्देशातल्या विद्यार्थी-पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘बीएस्सी करीसन काय भेटी?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. सरळ उत्तर काय?

पदवी मिळते, परवाना मिळत नाही. बी.फार्म. झालेल्याची फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी होते, नर्सिंग झालेलीची नर्सिंग कौन्सिलकडे होते. त्या नोंदणीवर दुकान टाकता येतं, दवाखान्यात नोकरी मागता येते. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा मायक्रोबायोलॉजीच्या बी.एस्सी.ला असं कौन्सिल नाही. त्यामुळे या पदवीची कमाई तिच्यानंतर काय जोडलं यावर ठरते: डी.एम.एल.टी. (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका), बी.एड., एम.एस्सी.-नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा), स्पर्धा परीक्षा, नाहीतर हातात पक्कं बसलेलं प्रयोगशाळेचं काम.

म्हणून पदवी जेवढी स्वस्तात पडेल तेवढं बरं. कर्ज काढायची ताकद पुढच्या पायरीसाठी राखून ठेवावी. खाली जे हिशोब आहेत ते याच मुद्द्याभोवती फिरतात.

घरून ये-जा करून शिकणं आणि पुण्यात राहून शिकणं, यात नेमका फरक किती पडतो?

आकडे कॉलेजागणिक बदलतात, म्हणून हे नमुन्यादाखल धरा आणि आपापल्या कॉलेजच्या फी-पावतीवरून बदलून घ्या.

घरून: अनुदानित (सरकार पगाराला पैसे देतं अशा) कॉलेजची फी, परीक्षा शुल्क, एसटीचा पास, जर्नल, ॲप्रन, पुस्तकं मिळून वर्षाला ३०,००० धरले तर तीन वर्षांचे ९०,०००. एसटीच्या विद्यार्थी पासवर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरायचा असतो. जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार इथली जुनी विज्ञान महाविद्यालयं आसपासच्या बहुतेक तालुक्यांतून एसटीच्या टप्प्यात येतात.

बाहेर: विनाअनुदानित बायोटेक्नॉलॉजीची फी, कॉट-बेसिस खोली आणि मेस मिळून वर्षाला दीड लाख धरले तर तीन वर्षांचे साडेचार लाख. हे बहुधा कर्जाचे असतात आणि व्याज पहिल्या दिवसापासून चढतं.

ॲडमिशनच्या वेळी एक प्रश्न आवर्जून विचारा: ‘ही तुकडी अनुदानित आहे का?’ एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत केमिस्ट्री-बॉटनी अनुदानित आणि बायोटेक विनाअनुदानित असू शकतं. फीमध्ये कित्येक पट फरक पडतो. माहितीपत्रकात हे ठळक छापलेलं नसतं, कार्यालयातल्या क्लार्कला विचारावं लागतं.

साडेचार लाखांचं कर्ज फेडायला सुरुवात होते तेव्हा ते किती झालेलं असतं?

दर १०.५ टक्के धरू. दरवर्षी सुरुवातीला दीड लाख उचलले. अभ्यासक्रमाची तीन वर्षं आणि त्यानंतरचं एक वर्ष, असा चार वर्षांचा सवलतीचा काळ. त्यात हप्ता नाही, पण सरळव्याज लागतं.

पहिल्या दीड लाखावर चार वर्षांचं व्याज ६३,०००. दुसऱ्यावर तीन वर्षांचं ४७,२५०. तिसऱ्यावर दोन वर्षांचं ३१,५००. एकूण १,४१,७५०. ही रक्कम मुद्दलात मिसळली की हप्ते सुरू होताना कर्ज ५,९१,७५० झालेलं असतं.

त्यावरचा हप्ता असा:

७ वर्षांत फेडायचं तर महिना ९,९७७, एकूण सुमारे ८ लाख ३८ हजार.
१० वर्षांत ७,९८५, एकूण सुमारे ९ लाख ५८ हजार.
१५ वर्षांत ६,५४१, एकूण सुमारे ११ लाख ७७ हजार.

हप्ता साडेतीन हजारांनी कमी होतो म्हणून पंधरा वर्षांवर सही करणारे बरेच. त्या सहीची किंमत ३ लाख ३९ हजार रुपये आहे.

घरून जमत असेल तर शिकत असतानाच व्याज भरत जावं. पहिल्या वर्षी महिना १,३१३, दुसऱ्या वर्षी २,६२५, तिसऱ्या वर्षापासून ३,९३८. मग हप्ते साडेचार लाखांवरच सुरू होतात: सात वर्षांसाठी ७,५८७. भरलेलं सगळं व्याज धरूनही एकूण सुमारे ५९,००० वाचतात. काही बँका असं व्याज वेळेवर भरणाऱ्याला दरात १ टक्क्यापर्यंत सूट देतात. ती मंजुरीपत्रात लिहिलेली आहे का ते पाहा, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

‘पॅकेज २ लाख ४० हजार’ म्हणजे हातात महिना २० हजार ना?

नाही. कंपनी आपला भरणाही पॅकेजमध्ये धरते. समजा ठोक पगार १८,००० आहे आणि त्यात बेसिक १२,०००. कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी १,४४० आणि ईएसआयचा (कामगार विम्याचा) ३.२५ टक्के वाटा ५८५. तिन्ही मिळून २०,०२५, म्हणजेच ते ‘दोन-चाळीस’चं पॅकेज.

आता १८,००० मधून तुमचा पीएफ १,४४०, ईएसआय ०.७५ टक्क्यांनी १३५ आणि व्यवसाय कर २०० जातो. (व्यवसाय कर फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे.) हातात येतात १६,२२५.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजला किंवा अंकलेश्वरला चौघांत खोली, मेसचा डबा, शिफ्टला जायचं भाडं, मोबाइल आणि महिन्यातून एकदा गावची चक्कर यांना ७,००० धरा. उरले ९,२२५. वरच्या साडेचार लाखांच्या कर्जाचा सात वर्षांचा हप्ता होता ९,९७७. म्हणजे पूर्ण महिना राबून ७५२ रुपयांची तूट, ती वडिलांनी भरायची.

मग किती कर्ज झेपेल?

आमचा ठोकताळा असा: हप्ता हातातल्या पगाराच्या सहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. हातात १५,००० येणार असतील तर हप्ता २,५००. दर १०.५ आणि मुदत सात वर्षं धरली तर या हप्त्यात साधारण १ लाख ४८ हजारांचं कर्ज फिटतं. सवलतीच्या काळातलं व्याज वजा केलं तर शिकताना उचलायची रक्कम उरते जेमतेम १ लाख १३ हजार. एवढ्यात घरून ये-जा करून पदवी होते, बाहेरगावी राहून होत नाही.

पगाराचा अंदाज कॉलेजच्या प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरून लावू नका. गेल्या दोन वर्षांत त्याच विषयातून पास झालेल्या पाच जणांना गाठा आणि ‘खात्यात किती जमा होतात’ एवढंच विचारा.

घातलेले पैसे वसूल व्हायला किती वर्षं लागतात?

बारावीवर काम धरणाऱ्याला ११,००० आणि बी.एस्सी.ला १५,००० मिळतात असं धरू. फरक महिना ४,०००, वर्षाला ४८,०००. तीन वर्षं काम न केल्यामुळे बुडालेली कमाई ३,९६,०००. घरून शिकलेल्याचा खर्च ९०,००० मिळवला तर ४,८६,०००. वसुलीला दहा वर्षं. साडेचार लाखांचं कर्ज काढणाऱ्याला, फक्त फेड सुरू होईपर्यंतची रक्कम धरली तरी, वीस वर्षं.

अर्थात पगार दोघांचाही वाढतो आणि सारखा वाढत नाही. पदवीधराला तलाठी, बँक, राज्यसेवा अशा परीक्षांची दारं उघडी असतात, बारावीवाल्याला नसतात. या हिशोबात ते दार धरलेलं नाही. पण परीक्षेचा अभ्यास खरोखर करणार नसाल तर ते धरूही नका.

खान्देशातच राहून या पदवीवर काय काम मिळतं?

सगळ्यात आधी केळी. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात ग्रँड नैन जातीच्या टिश्यूकल्चर (प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेल्या) रोपांना कायम मागणी असते, आणि जळगावात जैन उद्योगसमूहाची मोठी टिश्यूकल्चर प्रयोगशाळा आहे. छोट्या खासगी लॅबही असतात. काम मिळतं ते मीडिया (वाढीचं पोषक माध्यम) बनवणं, लॅमिनारसमोर (निर्जंतुक हवेच्या टेबलासमोर) बसून सबकल्चर करणं (रोपं नव्या बाटल्यांत विभागणं), पुढे ग्रीनहाऊसमध्ये रोपं बाहेरच्या हवेला सरावून घेणं. नोकरी धरताना विचारा: पगार महिन्यावर आहे की रोजच्या बाटल्यांच्या संख्येवर? संसर्ग होऊन बाटल्या फेकाव्या लागल्या तर त्या कुणाच्या नावावर? काकडीवरून येणाऱ्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) विषाणूने केळीबागा उपटाव्या लागलेल्या शेतकऱ्यांना रोपांची विषाणू-तपासणी आता चांगली कळते. त्यामुळे इलायझा, पीसीआर या तपासण्या हाताने केलेल्या मुलाला इथे जास्त भाव आहे.

दुसरं, कृषी सेवा केंद्र. हे फार थोड्यांना ठाऊक असतं: कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी जी शैक्षणिक अट आहे तिच्यात कृषी पदवीबरोबर जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवशास्त्र आणि रसायन, वनस्पती किंवा प्राणिशास्त्रासह विज्ञान पदवीही चालते. खतांच्या परवान्याची अट मात्र वेगळी: तिथे कृषी किंवा रसायनशास्त्राची पदवी, कृषी पदविका किंवा ठरावीक प्रमाणपत्र अभ्यासक्रम लागतो. दोन्ही परवान्यांशिवाय दुकान चालत नाही, म्हणून जागा भाड्याने घेण्याआधी जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात आपली गुणपत्रिका दाखवून विचारून घ्या. आणि हो, दुकानात सगळ्यात जास्त पैसा अडकतो उधारीत. कापूस विकला जाईपर्यंत शेतकरी पैसे देत नाही आणि कंपनी मात्र ठरल्या तारखेला मागते.

तिसरं, पॅथॉलॉजी लॅब. त्याबद्दल पुढे.

याखेरीज कापूस आणि मक्याच्या बियाणे कंपन्यांचं हंगामी क्षेत्रकाम, माती-पाणी परीक्षण, दूध संघातली गुणवत्ता तपासणी, औषध कंपन्यांचं एमआरचं (डॉक्टरांकडे जाणाऱ्या प्रतिनिधीचं) काम. एमआरला पगाराबरोबर भत्ता आणि इन्सेंटिव्ह असतो. टार्गेट मात्र डोक्यावर बसलेलं असतं.

धुळे-नंदुरबारची बरीच मुलं ताप्ती लाइनने सुरत गाठतात आणि तिथून अंकलेश्वर-वापीच्या औषध आणि रसायन कारखान्यांत जातात. पूर्वेकडची संभाजीनगर, नाशिक, पुण्याला जातात.

औषध कंपनीच्या मायक्रोबायोलॉजी विभागात मुलाखतीत मुलं कुठे अडतात?

ऑटोक्लेव्हवर (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर). १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ ते २० मिनिटं हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचा प्रश्न येतो: ‘काटा १५ वर आहे, पूर्ण वेळ झाला, तरी मीडियात दुसऱ्या दिवशी वाढ दिसली. का?’ इथे शांतता. कारण असं की आत हवा अडकली होती. वाफेबरोबर हवाही दाब दाखवते, पण हवा असेल तर त्या दाबाला तापमान १२१ पर्यंत चढत नाही. व्हॉल्व्ह लवकर बंद केला, किंवा फ्लास्क इतके खेटून भरले की वाफ मधे शिरलीच नाही, की हे होतं. रासायनिक पट्टी आणि बीजाणूंची चाचणी यासाठीच लावतात.

असंच दुसरं: जिवाणूंसाठी ३० ते ३५ अंश आणि बुरशीसाठी २० ते २५ अंश, अशा वेगळ्या इन्क्युबेटरांत प्लेट का ठेवतात? हवेची तपासणी करताना सेटल प्लेट (हवेतले जंतू पडावेत म्हणून ठेवलेली प्लेट) चार तासांपेक्षा जास्त उघडी का ठेवत नाहीत? (प्लेटमधलं अगर-माध्यम सुकतं आणि वाढ कमी दिसते.)

जिथे प्रात्यक्षिकाला सर स्वतः ऑटोक्लेव्ह लावून ठेवतात आणि मुलं फक्त जर्नल उतरवतात, तिथून हे शिकून बाहेर पडणं अवघड. म्हणून कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा लॅब पाहा: एका बॅचला किती मुलं, मायक्रोस्कोप किती चालू, मीडिया मुलं बनवतात की आयता मिळतो.

बॉटनी, झूलॉजी, मायक्रो की बायोटेक? पैशाच्या नजरेने काय घ्यावं?

नाव ऐकून बायोटेककडे ओढा असतो. नुसत्या बी.एस्सी.वर बायोटेकला स्थानिक बाजारात मायक्रोपेक्षा जास्त मागणी आहे असं दिसत नाही, आणि फी बहुधा सगळ्यात जास्त असते. पण पदभरतीच्या अटींत विषयाचं नाव नडतं किंवा तारतं:

अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या पात्रतेत मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजीची पदवी आहे. बॉटनी, झूलॉजी नाही. एमपीएससीच्या वनसेवेत बॉटनी, झूलॉजी चालतात. इन्स्पायर शिष्यवृत्तीच्या विषययादीत बॉटनी, झूलॉजी, मायक्रो, बायोकेमिस्ट्री आहेत, बायोटेक्नॉलॉजी नाही. बारावीला अव्वल आलेलं पोर बायोटेकला घातलं की ही शिष्यवृत्ती हातची जाते, आणि घरच्यांना ते वर्ष संपल्यावर कळतं.

आमचं मत विचाराल तर केमिस्ट्री सोबत ठेवून मायक्रो. दुसरा क्रमांक, शेती-रोपवाटिकेत राहायचं असेल तर, बॉटनी.

कुठल्या शिष्यवृत्त्या लागू होतात?

इन्स्पायर: बारावीच्या बोर्डात पहिल्या १ टक्क्यात असलेल्या आणि मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेणाऱ्याला वर्षाला ८०,०००, त्यातले ६०,००० थेट आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. त्या वर्षीची जाहिरात आली की लगेच अर्ज करा.

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर: अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती (कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, त्यावर असेल तर शुल्कमाफीची वेगळी योजना), आर्थिकदृष्ट्या मागास खुल्या गटासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती (आठ लाखांपर्यंत). वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाची रक्कम थेट खात्यात देणारी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजना आहे. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याच्या मुलांनी ती सोडू नये. अनुसूचित जातींसाठी तशीच स्वाधार.

मुलींना १०० टक्के फीमाफीचा जुलै २०२४ चा शासननिर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या बी.एस्सी.ला तो आपोआप लागू होतो असं समजून फीचं नियोजन करू नका.

अर्ज मंजूर दिसतो, पैसे येत नाहीत. का?

बहुतेक वेळा खातं आधारला ‘लिंक’ असतं, पण एनपीसीआयच्या (आधारवरून पैसे कुठल्या खात्यात जायचे ती नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) यादीत ‘सीडिंग’ झालेलं नसतं. किंवा सीडिंग आईच्या आग्रहाने उघडलेल्या दुसऱ्याच बँकेच्या जुन्या खात्याला असतं आणि पैसे तिथे जाऊन पडतात. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ असा अर्ज द्या. दुसरं कारण म्हणजे अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून असतो. अर्जाचा क्रमांक घेऊन कार्यालयात जा, फोनवर हे काम होत नाही. आणि नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. दुसऱ्या वर्षी विसरणारे खूप.

बँक म्हणते, ‘साध्या बी.एस्सी.ला आम्ही कर्ज देत नाही.’ खरं आहे का?

असा नियम नाही. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी बसते. ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि मार्जिनही (स्वतःच्या खिशातून घालायचा हिस्सा) नाही. त्यावर देशातल्या शिक्षणाला ५ टक्के मार्जिन. साडेसात लाखांपर्यंत पतहमी योजनेतून तारणाशिवाय देता येतं. ‘तुमचं गाव आमच्या शाखेच्या हद्दीत नाही’ हे कारणही रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार चालत नाही. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा म्हणजे तारखेची नोंद राहते, आणि नकार लेखी, कारणासह मागा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना मात्र रँकिंगमधल्या निवडक संस्थांसाठी आहे: तिथे प्रवेश असेल आणि उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याजसवलत. गावाजवळच्या कॉलेजला ती मिळेल हे गृहीत धरू नका.

बँक कर्ज देते म्हणजे ते काढलंच पाहिजे असंही नाही.

पीककर्ज, सोनंतारण किंवा सावकाराकडून फी भरली तर?

सावकाराचा ‘शेकडा ३’ म्हणजे महिन्याला ३ टक्के, वर्षाला ३६. पन्नास हजारांवर महिना १,५००. तीन वर्षांत व्याजच ५४,००० आणि मुद्दल जागच्या जागी.

पीककर्ज ३ लाखांपर्यंत मुदतीत भरलं तर राज्यात व्याज शून्यावर येतं. फीसाठी ते वापरलं आणि मुदत चुकली तर ती सवलत जाते, आणि पुढच्या हंगामाला बियाण्यालाच पैसा नसतो. ज्या वर्षी कापसाला भाव नाही, नेमकं त्याच वर्षी हे घडतं. सोनंतारण थोड्या रकमेला आणि थोड्या महिन्यांना ठीक, म्हणजे शिष्यवृत्ती यायला उशीर झाला तर. तीन वर्षांच्या शिक्षणाला नाही.

नीटला कमी गुण पडले. बी.एस्सी.ला नाव घालून पुन्हा नीट द्यावी का?

द्यायला हरकत नाही, पण मर्यादा आधी ठरवा: एक प्रयत्न. लातूर-कोट्याचा क्लास, हॉस्टेल आणि बुडालेलं वर्ष यांची बेरीज बी.एस्सी.च्या संपूर्ण खर्चाहून जास्त होते. दोन दगडांवर पाय ठेवला की पहिल्या सत्राचे विषय राहतात, आणि शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला तेच आडवे येतात.

त्याच वेळी बी ग्रुपच्या मुलांनी सीईटी देऊन बी.फार्म., बी.एस्सी. कृषी, बी.एस्सी. नर्सिंग यांची यादीही पाहावी. कर्ज काढायचंच असेल तर नोंदणी मिळवून देणाऱ्या अभ्यासक्रमासाठी काढलेलं बरं.

बी.एस्सी.नंतर डी.एम.एल.टी. करून स्वतःची लॅब टाकता येईल का?

रक्त घेणं, मशीन चालवणं, तपासण्या करणं हे काम तंत्रज्ञाचं. रिपोर्टवर सही मात्र पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. ‘महिन्यातून एकदा येऊन सह्या करणारे डॉक्टर मिळवून देतो’ असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. सही त्यांची असली तरी चौकशी आली की पुढे तुम्हीच असता.

कोर्सला पैसे भरण्याआधी दोन गोष्टी पाहा: परीक्षा कोण घेतं, आणि त्या प्रमाणपत्रावर राज्याच्या पॅरावैद्यक परिषदेत नोंदणी होते का. तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्यांत चालणाऱ्या कितीतरी ‘इन्स्टिट्यूट’ दुसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळतात. घरबसल्या करायच्या कोर्सच्या नादी तर लागूच नका. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक्नॉलॉजीसह अशा विषयांचं दूरस्थ शिक्षण बंद केलं आहे.

बी.एड. केलं तर?

दोन वर्षं आणखी. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल (शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ), मग शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं ठरावीक मानधन: माध्यमिकला महिना १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. वेतनश्रेणी त्यानंतर. भरतीला वेळापत्रक नाही, कधी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. संस्थेच्या नावाखाली कुणी जागेसाठी ‘डोनेशन’ मागत असेल तर त्या रकमेचा हप्ता १८,००० च्या मानधनावर बसवून पाहा. तो बसत नाही.

एम.एस्सी. आणि संशोधनाचं गणित कसं आहे?

इथे एक उलटी गोष्ट आहे: चांगल्या ठिकाणी संशोधन करायला पैसे द्यावे लागत नाहीत, मिळतात. नेटमधून जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) झालं की १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. पण नेटच्या जीवविज्ञान पेपरची स्पर्धा देशभराची असते, आणि जेआरएफ न मिळता नुसती पात्रता मिळाली तर प्राध्यापकपदासाठी अर्ज करता येतो, पैसे मिळत नाहीत. अनुदानित कॉलेजात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. जागा मात्र थोड्या, आणि तोवर तासिका तत्त्वावर शिकवावं लागतं, ज्यात दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीचे पैसे नसतात.

म्हणून एम.एस्सी.साठी आधी सरकारी जागा गाठायचा प्रयत्न: जॅम, सीयूईटी-पीजी, गॅट-बी या प्रवेश परीक्षांतून. ते नाही जमलं तर जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं जीवशास्त्र प्रशाळेतलं शिक्षण. खासगी विद्यापीठात कर्जावर एम.एस्सी. हा पर्याय सगळ्यात शेवटी. आम्ही तो सुचवत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणातलं पदवीचं चौथं वर्ष करावं का?

एम.एस्सी. नक्की असेल तर करा. चौथ्या वर्षाच्या ऑनर्सनंतर एम.एस्सी. एकाच वर्षाची होते, म्हणजे एकूण वर्षं तेवढीच. ७५ टक्के गुण असतील तर चार वर्षांच्या पदवीवर थेट नेट आणि पीएच.डी.चा मार्ग आहे. नोकरी धरायची असेल तर तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडा. चौथ्या वर्षाचा जास्तीचा पगार कुणी देत नाही.

शैक्षणिक कर्जावर आयकरात सूट मिळते म्हणतात?

मिळते, पण फक्त व्याजावर, आठ वर्षं, आणि तीही जुनी करपद्धत निवडली तरच. पंधरा-अठरा हजार पगारावर मुळात करच बसत नाही, तेव्हा सूट कशातून घेणार?

हप्ते थकले तर वडिलांच्या शेतीकर्जावर परिणाम होतो का?

होतो. वडील सहकर्जदार असतात, त्यामुळे थकबाकी त्यांच्याही सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) चढते आणि पीककर्ज नवं-जुनं करायला गेलं की शाखेत तेच समोर ठेवतात. ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादक होतं. नोकरी नसेल तर गप्प बसू नका. हप्ता सुरू होण्याच्या दोन महिने आधी शाखेत लेखी अर्ज द्या. बेरोजगारीच्या काळात बँक सहा-सहा महिन्यांची वाढीव सवलत देऊ शकते. व्याज तेव्हाही चालू राहतं, पण खातं बिघडत नाही.

कर्ज काढून दुसऱ्या वर्षात आहोत. आता काय करता येईल?

मंजूर झालेली सगळी रक्कम उचलायची सक्ती नसते. तिसऱ्या वर्षाचा मेस आणि खोलीचा हिस्सा घरून जमत असेल तर बँकेला फक्त फीचीच मागणी द्या. वरच्या उदाहरणात तिसऱ्या वर्षी दीड लाखाऐवजी ८०,००० उचलले तर ७०,००० मुद्दल आणि त्यावरचं दोन वर्षांचं १४,७०० व्याज टळतं. सात वर्षांचा हप्ता सुमारे १,४२८ रुपयांनी उतरतो.

बदलत्या व्याजदराच्या कर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नसतो. कापूस किंवा केळीचे पैसे आले की एकदम भरता येतात. फक्त भरताना शाखेत लिहून द्या की ही रक्कम मुद्दलातून वजा करावी आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. तसं लिहून दिलं नाही तर काही शाखा ती पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून ठेवून देतात, आणि व्याज जसंच्या तसं चालू राहतं.